मुलूखमैदानचा मागचा धक्का

फर्ड्या वक्त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणण्याची रीत मराठीत चांगलीच रुळली आहे. सभेच्या पत्रकांत, सत्काराच्या भाषणांत, मृत्युलेखांत हे विशेषण इतक्या वेळा वापरून झाले आहे, की त्यामागे ओतीव धातूची एक खरीखुरी तोफ आहे आणि ती अहमदनगरात ओतली गेली, हे बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते. मूळ नाव ‘मलिक-ए-मैदान’, म्हणजे रणमैदानाचा धनी. मराठी जिभेने ‘मलिक’चा ‘मुलूख’ केला. या उपमेत तोफेचे तोंड तेवढे आले आहे. तोफ डागली की ती मागेही हटते, हे उपमेने सोडून दिले. वक्त्याच्या बाबतीत ते क्षम्य असेल. तोफेच्या बाबतीत नाही. आम्हांला प्रस्तुत लेखात तोफेच्या मागच्या बाजूस उभे राहून बोलायचे आहे. ऊर्जेची अक्षय्यता आणि संवेगाची अक्षय्यता हे शाळेत पाठोपाठ शिकवले जाणारे आणि म्हणूनच कायमचे एकमेकांत मिसळून जाणारे दोन नियम नेमके कोठे वेगळे होतात, हे त्या बाजूने स्पष्ट दिसते.

आधी तोफेविषयी. बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, हिजरी ९५६ म्हणजे इसवी सन १५४९ मध्ये, मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की कारागिराने ती ओतली. ‘रूमी’ म्हणजे रूमचा, उस्मानी साम्राज्यातून आलेला; दक्षिणेतील शाह्यांना तोफांचे ज्ञान मुख्यतः अशाच परदेशी माणसांकडून मिळाले. लांबी सुमारे १४ फूट, नळीच्या तोंडाचा आतला व्यास २ फूट ४ इंच, वजन सुमारे ५५ टन. तोफेच्या मुखाला सिंहाच्या जबड्याचा आकार आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जात आहे. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीने तेथून विजापुरास नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे तिला ओढीत होती, असे सांगितले जाते. आज ती विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर त्या विजयाचा लेखही तिच्यावर कोरविला. निजामशाहीचे नाव, मोगलांचे नाव आणि आदिलशाहीचा बुरुज! तिघांनाही पुरून उरलेली ही वस्तू आता पर्यटकांच्या हातांनी गुळगुळीत झाली आहे.

तिच्याविषयीच्या लेखनात एक गोष्ट हटकून आढळते. लेखक वजन सांगतो आणि त्याच वाक्यात सामर्थ्याचा उल्लेख करतो. पंचावन्न टनांची तोफ, म्हणून केवढी तिची शक्ती! हा तर्क वाटतो तितका सरळ नाही. गोळ्याला वेग देते ती दारू, तोफेचे वजन नव्हे. मग एवढे वजन कशासाठी? काही अंशी नळी फुटू नये म्हणून. आणि काही अंशी मागच्या धक्क्यासाठी.

येथे थोडे आकडे मांडण्यास वाचकांची परवानगी घेतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला आकड्यांचा कंटाळा असतो हे आम्ही जाणून आहोत, परंतु हे गणित वाण्याच्या हिशेबापलीकडचे नाही. २ फूट ४ इंचांच्या नळीत सैलसर बसणारा काळ्या पाषाणाचा गोल गोळा घेतला, तर त्याचे वजन सुमारे ५०० किलो भरते. तोफ ५५,००० किलोची धरू. म्हणजे गोळ्याच्या ११० पट. गोळा सेकंदाला २२० मीटर वेगाने सुटला असे मानू. हा वेग आम्ही हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतला आहे, कोणा बखरकाराने तो मोजलेला नाही. बारूदाच्या धुराचे वजनही बाजूला ठेवू.

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. गोळ्याचा संवेग ५०० गुणिले २२०, म्हणजे १,१०,००० एकक, पुढच्या दिशेने. बत्ती देण्यापूर्वी सगळे स्थिर होते, एकूण संवेग शून्य होता. तो शून्यच राहिला पाहिजे. म्हणून तोफेला तेवढाच संवेग मागच्या दिशेने मिळतो. ११० पट जड असल्याने तिचा वेग ११० पट कमी, सेकंदाला २ मीटर. येथपर्यंत न्याय समसमान आहे. आता ऊर्जा पाहा. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, याचे अर्धे. गोळ्याच्या वाट्याला येतात १ कोटी २१ लाख ज्यूल. तोफेच्या वाट्याला १ लाख १० हजार. एकाच स्फोटातून निघालेले हे दोन भाग. संवेग दोघांना सारखा, ऊर्जा मात्र एकशे दहास एक. जो हलका, तो बहुतेक सगळी ऊर्जा घेऊन जातो.

वजनाचा अर्थ येथे उलगडतो. तोफ जितकी जड, तितकी मागे येणारी ऊर्जा कमी आणि तितका तिच्या पाठीमागचा कठडा व गोलंदाज सुरक्षित. हीच नळी निम्म्या वजनात ओतता आली असती, तर संवेग तेवढाच राहून मागे येणारी ऊर्जा दुप्पट झाली असती. पंचावन्न टन हे तोफेच्या आक्रमणाचे माप नव्हे, तिच्या सोसण्याचे आहे. अर्थात या सोसण्याची किंमत होती. जी मागे हटत नाही, ती पुढेही जात नाही. मैदानाचा धनी म्हणवणारी ही तोफ अखेर बुरुजावरच बसून राहिली.

दोन नियमांतला फरक जमाखर्चाच्या दोन वह्यांसारखा आहे, असे आम्हांला वाटते. संवेगाच्या वहीत जमा आणि नावे असे दोन रकाने आहेत. पुढे गेलेले आणि मागे आलेले, डावे आणि उजवे एकमेकांना छेदतात. सगळीकडे प्रचंड उलथापालथ होऊनही शिल्लक शून्य राहू शकते. ऊर्जेच्या वहीत नावेचा रकानाच नाही. ऋण संख्येचाही वर्ग धनच येतो, म्हणून वेगाच्या वर्गात दिशा पुसली जाते. तेथे गती गतीला छेदत नाही, नुसती बेरीज होत जाते. मात्र या दुसऱ्या वहीत रकमेचे नाव बदलते. दारूतील रासायनिक ऊर्जा गतीची होते, गतीची उष्णतेची होते, काही आवाजाची होते. संवेगाला असे वेषांतर ठाऊक नाही. तोफगोळ्यासारख्या वस्तूंच्या जगात तो फक्त एका वस्तूकडून दुसऱ्या वस्तूकडे जातो.

तालिकोटच्या लढाईतील एक प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. २३ जानेवारी १५६५ रोजी हुसेन निजामशहाचा तोफखाना दक्षिणी फौजेच्या मध्यभागी होता आणि त्याचा प्रमुख होता चेलेबी रूमी खान. फेरिश्त्याने त्याचे वर्णन केले आहे. हा फेरिश्ता वाढला अहमदनगरात आणि त्याने इतिहास लिहिला विजापुरात, हेही लक्षात ठेवण्यासारखे. तोफा तीन रांगांत लावल्या होत्या, मोठ्या पुढे, मग मधल्या, मग हलक्या. आणि शत्रू अगदी जवळ येताच नळ्यांत गोळ्यांऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरून त्या डागल्या गेल्या. तोफांच्या तोंडाशी पाच हजारांवर माणसे पडली असे तो म्हणतो. मध्ययुगीन इतिहासकारांच्या आकड्यांवर किती भरवसा ठेवावा हा प्रश्न वेगळा. मुलूखमैदान स्वतः त्या दिवशी रणात होती, ही परंपरेची समजूत आहे, आणि एवढे धूड कृष्णेपर्यंत ओढत नेण्याची यातायात मनात आणली तर तिच्याकडे सावधपणेच पाहिले पाहिजे.

नाण्यांची पिशवी नळीतून सुटली की फाटते आणि नाणी पंख्यासारखी पसरतात. डावीकडे सुटलेल्या नाण्यांचा आडवा संवेग उजवीकडे सुटलेल्यांच्या आडव्या संवेगाने पुरता छेदला जातो. संवेगाच्या वहीत त्या आडव्या पसरण्याची नोंद शून्य. पण डावीकडचे नाणेही माणूस मारते आणि उजवीकडचेही. ऊर्जेच्या वहीत त्यांची बेरीज होते, वजाबाकी होत नाही. पाच हजारांचा आकडा खरा असो वा फुगवलेला, तो दुसऱ्या वहीतला आहे.

याहूनही ठसठशीत उदाहरण खुद्द नगरच्या भुईकोटाने पाहिले. १५९५च्या अखेरीस शहजादा मुरादच्या मोगल फौजेने किल्ल्याला वेढा घातला आणि तटाखाली सुरुंग खणले. आतल्या लोकांना सुगावा लागला. त्यांनी आतून उलट खणून दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्यापाशी काम चालू असतानाच तो उडाला आणि तटाला खिंडार पडले. चांदबिबी तोंडावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली, आणि रात्रीतून ते बुजवून घेतले गेले, ही कथा सर्वांना माहीत आहे. गोळे संपल्यावर तिने आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफांत भरली, अशीही एक कथा मागून जोडली गेली. तालिकोटच्या पिशव्यांची ती दूरची बहीण दिसते. आम्हांला येथे फक्त त्या क्षणाकडे बोट दाखवायचे आहे. स्फोटापूर्वी तट स्थिर, दारू स्थिर, जमीन स्थिर: संवेग शून्य. स्फोटानंतर दगड वर गेले, आत गेले, बाहेर गेले, खालच्या जमिनीला तेवढाच दाब बसला. सगळ्यांचा मेळ घातला तर संवेग पुन्हा शून्य. संवेगाच्या नियमाला विचारले तर त्या दुपारी काहीही घडले नाही. नियम खरे बोलतो, आणि तरीही तट पडलेला असतो.

हे दोन हिशेब वेगळे आहेत हे युरोपातल्या मोठमोठ्या बुद्धिमंतांनाही सहजासहजी उमगले नव्हते. देकार्तने १६४४ मध्ये मांडले, की ईश्वराने सृष्टीला गतीचा ठरावीक साठा दिला आणि तो तो कायम राखतो. गती मोजायची आकारमान गुणिले चाल अशी. त्यात दिशा नव्हती, आणि तेथेच त्याची नियमावली फसली. हायगेन्सने टकरींचा अभ्यास करून दाखवले, की दिशा धरली तरच हे गणित सुटते. शिवाय कठीण गोळ्यांच्या टकरीत वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हीही राशी शिल्लक राहते. मग १६८६ मध्ये लायब्निट्सने देकार्तची ‘लक्षणीय चूक’ दाखवणारा छोटासा निबंध छापला. त्याचा युक्तिवाद असा. एक शेर वजन चार हात उंच नेणे आणि चार शेर वजन एक हात उंच नेणे, श्रम सारखेच. तेव्हा त्या त्या उंचीवरून पडताना दोघांनी सारखेच ‘बल’ कमावले पाहिजे. पण गॅलिलिओच्या नियमाने चार हातांवरून पडणाऱ्याचा वेग फक्त दुप्पट होतो, चौपट नव्हे. वस्तुमान गुणिले वेग केले तर एकाला दोन येतात, दुसऱ्याला चार. वेगाचा वर्ग घेतला तरच दोन्हीकडे चार. या राशीला त्याने ‘जिवंत बल’ असे सुंदर नाव दिले.

पुढे पन्नास-साठ वर्षे हा वाद गाजला. लायडनमध्ये ग्राव्हेसांडने १७२२ मध्ये मऊ मातीत पितळी गोळे टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की खड्डा चौपट. एमिली द्यु शातले हिने १७४० च्या आपल्या ग्रंथात लायब्निट्सची बाजू उचलून धरली, आणि तिचा सहचर व्हॉल्तेअर याने पुढच्याच वर्षी विरुद्ध बाजूने शंका प्रसिद्ध केल्या. एका घरात दोन पक्ष! कांटचे पहिले पुस्तक याच वादावर आहे. अखेर १७४३ मध्ये दालांबेरने सांगितले, की हा केवळ शब्दांचा कलह आहे. बल किती वेळ लावले हे मोजाल तर वस्तुमान गुणिले वेग येईल, किती अंतरभर लावले हे मोजाल तर वेगाचा वर्ग येईल. दोन्ही मापे योग्य.

‘केवळ शब्दांचा’ या दोन शब्दांशी आम्ही सहमत नाही. गोंधळ शब्दाचा होता हे खरे. ‘बल’ या एका शब्दाखाली दोन निराळ्या वस्तू पोसल्या गेल्या होत्या. पण शब्द वेगळे होईपर्यंत वस्तूही वेगळ्या दिसत नव्हत्या. साहित्याच्या अभ्यासकाने तरी अशा कलहाला क्षुल्लक म्हणू नये.

तोफेच्या विद्येने हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची युक्ती प्रसिद्ध केली. एक जड लंबक टांगायचा, त्याच्या लाकडी फळीत गोळी रुतू द्यायची आणि लंबक किती झोका घेतो ते पाहायचे. गोळी पौंडाचा बारावा हिस्सा, लंबक ५६ पौंडांचा. या मापनाची खुबी अशी, की यात दोन्ही नियम लागतात, पण एकामागून एक, आणि क्रम चुकला की उत्तर चुकते. गोळी रुतण्याच्या क्षणी फक्त संवेगाचा हिशेब चालतो. तेथे गतिज ऊर्जा धरून ठेवायचा प्रयत्न केला तर फसगत होते, कारण तिचा सहाशेवा हिस्साही गती म्हणून उरत नाही. बाकीची लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात जाते. मग लंबक वर चढू लागला की संवेगाचा उपयोग नाही, तेथे ऊर्जेचा हिशेब. या युक्तीने रॉबिन्सला गोळीचा वेग सेकंदाला सोळाशे फुटांहून अधिक मिळाला. पुढे हाच रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीच्या फौजेने चार दिवसांत नगरची पेठ आणि किल्ला दोन्ही घेतले, तेव्हा इंग्रजी तोफखान्यात ही विद्या दोन पिढ्या मुरलेली होती. मुलूखमैदान त्या वेळी विजापुरात गप्प होती.

लाकडात मुरलेली ती ऊर्जा गेली कोठे, हे कळायला आणखी शंभर वर्षे लागली, आणि त्या वाटेवरही एक तोफ आडवी येते. रम्फर्डने म्युनिकच्या कारखान्यात तोफांच्या नळ्या कोरताना निघणारी उष्णता मोजून १७९८ मध्ये प्रसिद्ध केली. घर्षण चालू असेपर्यंत ती संपतच नव्हती. मग मायर, ज्यूल आणि १८४७ मध्ये हेल्महोल्ट्स. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा पुरा नियम येथे सिद्ध झाला. म्हणजे संवेगाचा नियम सतराव्या शतकाचा आणि ऊर्जेचा एकोणिसाव्या. पाठ्यपुस्तकात दोन पानांच्या अंतरावर असलेल्या या नियमांत दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

मराठीत हे शब्द कसे बसले आहेत, हेही पाहण्याजोगे आहे. ‘संवेग’ हा शब्द पतंजलीच्या योगसूत्रांत साधकाच्या उत्कटतेसाठी येतो. बौद्ध परंपरेत तो मनाला हादरवून विरक्तीकडे लोटणारा धक्का आहे. त्याला एक दिशा आहे, आणि म्हणून परिभाषाकारांची ही निवड आम्हांला फार समर्पक वाटते. ‘ऊर्जा’ वैदिक ‘ऊर्ज्’पासून, तेथे अन्न, रस, बळ असे अर्थ आहेत. अन्नाचा रस होतो, रसाचे बळ होते: रूप बदलते, सत्त्व राहते. हिंदीने ‘संरक्षण’ हा शब्द घेतला, मराठीने ‘अक्षय्यता’. मराठी शब्द अधिक सुरेल आहे; त्यात थोडा धोकाही आहे. ‘अक्षय्य’ म्हटले की द्रौपदीची थाळी आठवते. ऊर्जा नष्ट होत नाही, पण लाकडात मुरलेली उष्णता परत गोळीला वेग देत नाही. ती वहीत राहते, व्यवहारात येत नाही. एका फलकावर ‘ऊर्जा अक्षय्य आहे’ आणि दुसऱ्यावर ‘ऊर्जा वाचवा’ असे वाचणाऱ्या मुलाचा गोंधळ होतो, त्यात दोष मुलाचा नाही.

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच केला त्याकडे येतो. मराठी इतिहासलेखनात आणि त्याहून अधिक सार्वजनिक भाषेत ‘क्रियेला समान प्रतिक्रिया’ हे वाक्य फार सैल हाताने वापरले जाते. एखाद्या सत्तेने देवळे पाडली, तर दुसरीने काय केले. एका जमावाने घरे जाळली, तर दुसऱ्याने काय केले. की लगेच न्यूटनला साक्षीला बोलावले जाते. वाक्याचा आव असा, की निसर्गानेच दोन्ही पारडी समान ठेवली आहेत. परंतु न्यूटनची समानता पहिल्या वहीतली आहे. दोघांवर बसणारा रेटा सारखा असतो. दोघांचे होणारे सारखे नसते. जड वस्तू जेमतेम हलते आणि हलकी उधळली जाते, आणि दोघांच्या संवेगाची बेरीज मात्र निर्दोष शून्य येते. तालिकोटच्या मैदानावरील आडव्या संवेगाची बेरीजही शून्यच होती. विज्ञानातून समाजाचे नियम काढावेत असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. माणसे गोळे नव्हेत. पण उपमा घ्यायचीच तर ती पुरती घ्यावी, आणि समान काय होते व असमान काय होते, दोन्ही सांगावे. ‘दोन्ही बाजूंचे सारखेच’ असे लिहिणाऱ्या इतिहासकाराला कोणत्या वहीतले, असे विचारण्याचा वाचकाला अधिकार आहे.

हे दोन नियम मुळातच वेगवेगळ्या कारणांनी खरे आहेत, हे एमी नोएथर या गणितज्ञ स्त्रीने १९१८ मध्ये दाखवले. सृष्टीचे नियम एका जागी आणि दुसऱ्या जागी सारखेच आहेत, म्हणून संवेग टिकतो. ते काल आणि आज सारखेच आहेत, म्हणून ऊर्जा टिकते. तीच तोफ नगरला डागली काय आणि विजापुरास डागली काय, ही पहिल्याची हमी; १५४९ मध्ये डागली काय आणि आज डागली काय, ही दुसऱ्याची.

नगरात तोफा आजही आहेत. १९४८ मध्ये येथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आले, १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय उघडले, आणि २०२४ मध्ये अहिल्यानगर झालेल्या या जिल्ह्यात के. के. रेंजवर रणगाड्यांचा गोळीबाराचा सराव होतो. रणगाड्याच्या तोफेला पंचावन्न टनांची ओतीव नळी परवडत नाही. तिची नळी गोळा सुटताच आपल्या खोबणीत मागे सरकते आणि एका बंद नळकांड्यातील तेलाला बारीक छिद्रांतून ढकलते. धक्का नाहीसा होत नाही; तो लांबतो, ओसरत ओसरत गाड्याच्या सांगाड्यात, साखळपट्ट्यांत आणि तेथून जमिनीत जातो. सगळा संवेग अखेर पृथ्वी घेते, आणि ती इतकी जड आहे की तिच्या वाट्याला ऊर्जा जवळजवळ काहीच येत नाही. ती तेलात राहते. दहा-पंधरा फैरी झाडून झाल्यावर ते नळकांडे हाताला गरम लागते.